बेंबीच्या पुढे पांढरे

ग्लेनबॉगी काळी बिनशिंगी गुरे वंशशुद्धी मंडळाच्या नियमपुस्तिकेत एकशे बारा नियम आहेत. त्यांतला सतरावा, उपकलम क, असा आहे: 'जातिवंत जनावराच्या अंगावर बेंबीच्या पुढे पांढरा केस असू नये. बेंबीच्या मागे असल्यास मंडळ तिकडे दुर्लक्ष करील.' हा नियम एकोणीसशे तेवीस साली झाला. तेव्हापासून शंभर वर्षं स्कॉटलंडच्या त्या ईशान्य कोपऱ्यात मंडळाचा कारभार सुरळीत चालला, कारण बेंबी नेमकी कुठे असते हे कुणी विचारलंच नव्हतं.

ते विचारण्याची वेळ इल्सपेथ गेडिसच्या कालवडीमुळे आली. कालवडीचं नाव फिलिस त्रेचाळिसावी. पहिली फिलिस जन्मली तेव्हा इल्सपेथच्या आजोबांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी कौतुकापोटी कालवडीला बायकोचं नाव दिलं आणि ते सगळ्या गावाला सांगितलं. आजी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी गोठ्यात गेली, कालवडीचे पुठ्ठे हाताने दाबून पाहिले आणि म्हणाली की नाव राहू द्या, यात अपमान नाही. तेव्हापासून मंडळाच्या वंशवहीत फिलिस हे कुळ चालत आलं. कुळ आईकडून मोजायचं असा मंडळाचा रिवाज आहे. पण गेली काही वर्षं फिलिस कुळाला सगळे गोऱ्हेच झाले. जुनी गाय गेल्या हिवाळ्यात गेली आणि उरली ती एकटी त्रेचाळिसावी, चार महिन्यांची गाभण. प्रदर्शनात ती नियम सतरा 'क'खाली बाद झाली असती तर वंशवहीतून तिचं नाव निघालं असतं आणि तिच्याबरोबर आजीचंही.

आणि त्रेचाळिसावीच्या पोटाखाली एक पांढरा डाग होता. चहाबरोबर खायच्या बिस्किटाएवढा. तो आजीच्या पहिल्या फिलिसलाही होता असं इल्सपेथची आई सांगत असे. इल्सपेथ चौसष्ट वर्षांची होती आणि तिला त्या डागाचा अभिमान होता.

ग्लेनबॉगीत असा अभिमान दुसऱ्या कुणाला नव्हता. दर जुलैत, प्रदर्शनाच्या आठवड्यात, गावातल्या औषधांच्या दुकानातला केसांचा काळा कलप संपत असे. दुकानातली मुलगी प्रत्येक गिऱ्हाइकाला अदबीने विचारी, "डोक्याला हवाय का गाईला?" आणि प्रत्येक जण डोक्याला म्हणून सांगे, ज्यांच्या डोक्यावर वीस वर्षांत केस नव्हता तेसुद्धा. कृत्रिम रंग लावण्यास नियम एकवीसने सक्त मनाई होती. मंडळाचे चिटणीस मॉरिस टॉच तो नियम दर वर्षी प्रदर्शनाच्या सकाळी मोठ्याने वाचून दाखवत. सत्तरीतही त्यांचे केस कोळशासारखे काळे होते.

शेजारच्या शेतावरचा विली क्रुकशँक इल्सपेथला म्हणाला होता, "अगं, एक बाटली आण. दहा मिनिटांचं काम. कुणी बघत नाही."

"मी बघते ना," इल्सपेथ म्हणाली.

विली मनाने वाईट नव्हता. थंडीत इल्सपेथचा रस्ता बर्फाने बुजला की तो न सांगता ट्रॅक्टर घेऊन येई. पण प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच शेजारधर्म बंद असतो, हे दोघांनाही मान्य होतं. पहिल्या नंबरचा चांदीचा पेला सलग अकरा वर्षं विलीकडे होता.

त्या दिवशी पाऊस बारीक पडत होता, म्हणजे हवा चांगली होती. सात कालवडी रिंगणात फिरत होत्या. सगळ्या धुतलेल्या, विंचरलेल्या, पोटाखालचे केस वाळवणीच्या यंत्राने फुलवलेले. परीक्षक डॅल्गार्नो दक्षिणेकडून आले होते. डोक्यावर काळी गोल टोपी, हातात काठी. ते प्रत्येक कालवडीच्या पाठीवर हात फिरवत, पुठ्ठे बघत, चाल बघत. गुरांच्या प्रदर्शनात गुरांकडे बघणारे ते एकटेच होते. त्रेचाळिसावीपाशी ते जरा जास्त वेळ थांबले, तेवढ्यात विलीने हात वर केला आणि नियम सतरा 'क'खाली हरकत घेतली. ती तीन प्रतींत लिहून त्याने घरूनच आणली होती.

एक स्वयंसेवक त्रेचाळिसावीच्या पोटाखाली शिरला. डाग त्याला लगेच दिसला. बेंबी काही सापडेना, कारण केस इतके फुलवले होते की त्यात पाकीट हरवलं असतं. तो बाहेर आला आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की पांढरं आहे, पण ते कशाच्या पुढे आहे ते कळत नाही.

डॅल्गार्नो म्हणाले, "मी जनावर बघतो. बेंबी शोधणं मंडळाचं काम आहे. तोवर मी जेवून घेतो."

अशा रीतीने मंडळाची तातडीची सभा तंबूत भरली. तंबूत लांब टेबल होतं, चहाचं मोठं भांडं होतं, आणि चिटणिसांच्या खुर्चीमागे दर वर्षीप्रमाणे प्रोव्होस्टचं तैलचित्र टांगलेलं होतं. प्रोव्होस्ट हा मंडळाचा मूळ वळू. वंशवहीतलं प्रत्येक जनावर त्याच्यापासून आलेलं. चित्र शंभर वर्षं तिथे असल्यामुळे ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्रेचाळिसावीला तंबूच्या दारात उभी केली. विलीची कालवडही तिथेच बांधली, म्हणजे हरकत घेणाराही हजर राहील.

पहिल्यांदा गुरांची डॉक्टर आली. मॉरॅग नावाची तरुण मुलगी. तिने बाह्या सरसावल्या, चिखलात आडवी झाली, हाताने चाचपलं आणि म्हणाली, "ही इथे बेंबी. डाग दोन बोटं मागे आहे. झालं."

इल्सपेथने सुटकेचा श्वास घेतला. टॉच यांनी चष्मा पुसला.

"तुम्ही मंडळाच्या सभासद आहात का?"

"नाही. मी डॉक्टर आहे."

टॉच यांनी तिला समजावून सांगितलं की तिला सापडलेली बेंबी ही शरीराची बेंबी आहे, तर मंडळाला हवी आहे ती नियमातली बेंबी. दोन्ही एकाच जागी असल्या तर मंडळाला आनंदच होईल, पण तसं गृहीत धरता येणार नाही. तिचं मत 'माहितीसाठी' म्हणून नोंदवलं गेलं. मॉरॅगने हात धुतले आणि चहा घेऊन ती पुढे काय होतं ते बघत कोपऱ्यात बसली.

मग विलीने ठराव मांडला की अशा गोष्टी हातावर सोडू नयेत, मापावर आणाव्यात. छातीपासून शेपटीच्या बुडापर्यंत दोरी धरावी आणि तिच्या अठ्ठावन्न टक्क्यांवर बेंबी आहे असं समजावं. हा आकडा कुठून आला असं कुणी तरी विचारलं. विली म्हणाला, माझ्या कालवडीवरून. आकडा असल्यामुळे ठराव शास्त्रीय वाटला आणि एकमताने मंजूर झाला.

माप घ्यायचं तर पोटाखालचे फुललेले केस ओले करून बसवायला हवेत. त्यासाठी ओलं फडकं आणलं. न्याय सर्वांना सारखा म्हणून सुरुवात हरकत घेणाऱ्याच्या कालवडीपासून करावी, असं टॉच यांनी ठरवलं. विली म्हणाला की त्याची काही गरज नाही. स्वयंसेवक तोवर फडकं घेऊन खाली वाकला होता.

फडकं काळंकुट्ट होऊन वर आलं. विलीच्या कालवडीच्या पोटाखाली वीतभर लांब पांढरा पट्टा चमकत होता.

सभेतल्या बाकी सगळ्यांचीही गुरं बाहेर उभी होती आणि पाऊस वाढत होता. टॉच तीस वर्षं चिटणीस होते ते उगाच नव्हे. त्यांनी फडकं चिमटीत धरलं, उजेडात पाहिलं आणि शांतपणे लिहायला घेतलं.

"फडक्यावर काळा रंग आढळला," ते लिहिता लिहिता वाचत गेले. "यावरून जनावराचा रंग काळाच असल्याचे सिद्ध झाले. फडक्यावर पांढरा रंग आढळला नाही. यापुढे जो रंग फडक्यावर उतरेल तो जनावराचा स्वतःचा रंग समजावा."

सर्वांनी मान डोलावली. विलीने तर दोनदा डोलावली. मॉरॅगला चहाचा ठसका लागला.

मग फडकं धुऊन त्रेचाळिसावीच्या पोटावरून फिरवलं. ते कोरं निघालं. पुन्हा फिरवलं, पुन्हा कोरं. टॉच यांनी लिहिलं: 'रंग सिद्ध झाला नाही. निष्कर्ष राखून ठेवला.' दोरी धरली. अठ्ठावन्न टक्क्यांवर खडूची खूण केली. डाग त्या खुणेच्या तीन बोटं पुढे पडला.

"डॉक्टरला बेंबी सापडली ती?" इल्सपेथने विचारलं.

"ती माहितीसाठी आहे, मिसेस गेडिस," टॉच म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर सहानुभूती होती. त्यांनी वंशवही उघडली, फिलिस कुळाचं पान काढलं, पट्टी ठेवली आणि लाल शाईच्या पेनाचं टोपण काढलं.

इल्सपेथने पानाकडे पाहिलं. पानाच्या डोक्याशी आजीचं नाव होतं, आजोबांच्या गोल अक्षरात. एक बाटली आणली असती तर? दहा मिनिटांचं काम होतं. तिला त्या क्षणी स्वतःचा राग आला, विलीचा आला, पाण्याच्या त्या फडक्याचाही आला. पट्टीकडे बघवेना म्हणून तिने मान वर केली, आणि शंभर वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी प्रोव्होस्टच्या चित्राकडे पाहिलं.

जुना चित्रकार असावा साधा माणूस. जे दिसलं ते त्याने रंगवलं होतं. सपाट पाठ, भरलेले पुठ्ठे, आखूड मान, आणि पोटाखाली बिस्किटाएवढा पांढरा डाग.

"मॉरिस," इल्सपेथ म्हणाली, "ती दोरी जरा त्याला लावा."

"कुणाला?"

"तुमच्या मागे आहे त्याला."

टॉच वळले. मग सगळेच वळले. दोरी आणली, ती चित्राला फार मोठी झाली म्हणून पट्टी आणली. छातीपासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजलं, अठ्ठावन्न टक्के काढले, पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. डाग टिंबाच्या पुढे होता.

याचा अर्थ टेबलाभोवती हळूहळू पसरला. प्रोव्होस्ट बाद. प्रोव्होस्ट बाद म्हणजे त्याची संतती बाद. त्याची संतती म्हणजे वंशवहीतली झाडून सगळी गुरं. विलीचा ठराव रद्द करावा तर तो फक्त नोव्हेंबरातल्या वार्षिक सभेत रद्द करता येत होता. तोवर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपासून, ग्लेनबॉगी काळी बिनशिंगी ही जात अस्तित्वात नव्हती.

नियमाप्रमाणे हे जाहीर करणं भाग होतं. कर्ण्यावरच्या निवेदकाने बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं की रिंगणात सध्या असलेली जनावरं ही केवळ जनावरं आहेत. त्या दिवशी मैदानावर एवढी एकच बेंबी होती जिच्याविषयी वाद नव्हता. डॅल्गार्नोंनी जेवणाच्या तंबूतून निरोप पाठवला की जात नसेल तर परीक्षा होऊ शकत नाही, पण पुडिंग मिळणार आहे का तेवढं कळवा.

"विली," एक म्हातारा सभासद म्हणाला, "तुझ्या त्या अठ्ठावन्न टक्क्यांनी माझ्या दोनशे गुरांची जात नेली."

"माझी चारशे होती," विली म्हणाला. तो खुर्चीत लहान झाला होता.

वंशवही अजून उघडी होती आणि लाल पेन टॉच यांच्या हातात होतं, पण आता खोडायचं तर पहिल्या पानापासून खोडावं लागणार होतं. मग त्यांनी टोपण लावलं आणि निळं पेन घेतलं.

"ठराव कायम राहील," ते म्हणाले. "माप अठ्ठावन्न टक्केच. फक्त ज्याचं माप घ्यायचं ती बेंबी म्हणजे काय, हे नियमात कुठेच नाही. तेव्हा मी व्याख्या सुचवतो. बेंबी म्हणजे पोटाखालील तो बिंदू, ज्याच्या पुढे पांढरा केस आढळत नाही."

सभेने ती मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिली. मॉरॅग म्हणाली की मग कोणतंच जनावर कधीच बाद होणार नाही. टॉच म्हणाले, अगदी बरोबर, आणि तरीही नियम शब्दशः पाळला जाईल. अशी व्याख्या रोज सुचत नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. दोन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी जात पुन्हा अस्तित्वात आली. लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले, आणि विलीने इल्सपेथला स्वतःच्या बशीतला केक दिला.

इल्सपेथने तो खाल्ला. वंशवही मिटलेली पाहून तिला एवढं हलकं वाटत होतं की तिने तिथेच थांबायला हवं होतं. पण ती आजीची नात होती. तिने टेबलावरची नियमपुस्तिका ओढली आणि नियम चार मोठ्याने वाचला: 'आदर्श जनावराशी ज्याचे साम्य सर्वाधिक, त्यास अग्रक्रम द्यावा. आदर्श जनावर म्हणजे चित्रातील प्रोव्होस्ट.'

"चित्रात डाग आहे," ती म्हणाली. "मैदानावर डाग कुणाला आहे ते सांगा."

सगळ्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डाग प्रत्येकाच्या गुराला होता, पण आता तसं म्हणायचं तर तो कुठे गेला तेही सांगावं लागलं असतं. नियमाप्रमाणे फडक्यावर काळा उतरला होता आणि काळा सिद्ध झाला होता.

त्रेचाळिसावीला चांदीचा पेला मिळाला. डॅल्गार्नोंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि इल्सपेथला हळूच म्हणाले, "मला सकाळीच ही आवडली होती, बाई. फक्त कारण मिळत नव्हतं."

पुढच्या जुलैत औषधांच्या दुकानातल्या काळ्या कलपाच्या बाटल्यांवर धूळ बसली. केस पांढरे करायची पावडर मात्र सोमवारी आली आणि मंगळवारी संपली. दुकानातल्या मुलीने अदबीने विचारलं, "डोक्याला हवीय का गाईला?" आणि सगळे म्हणाले, डोक्याला. मॉरिस टॉच यांनीही तेच सांगितलं, आणि त्या वर्षी त्यांचं डोकं खरोखरच पांढरंशुभ्र होतं. आदर्श जनावराशी साम्य असावं असं चिटणिसांना वाटणं स्वाभाविक आहे.

इल्सपेथ प्रदर्शनाला गेली ती दोघींना घेऊन. त्रेचाळिसावी आणि तिच्या मागे उड्या मारणारी चव्वेचाळिसावी, कालवडच. आईच्याच जागी तिलाही डाग. इल्सपेथने नाव नोंदवलं ते स्वतःच्या हाताने, आजोबांच्या अक्षरासारखं गोल काढायचा प्रयत्न करत. कुळाची काळजी आता उरली नव्हती, त्यामुळे ती प्रदर्शनाला नुसती मजा बघायला आली होती.

मजा भरपूर होती. रिंगणातल्या प्रत्येक गुराच्या पोटाखाली एक पांढरा डाग होता, कंपासने काढल्यासारखा गोल. विलीच्या कालवडीचा तर पुढच्या रांगेतून दिसत होता. त्यांच्यात त्रेचाळिसावीचा डाग जरा वेडावाकडाच वाटत होता. या वर्षीचे परीक्षक नवे होते. त्यांनी नियमाप्रमाणे ओलं फडकं मागवलं. पहिल्या कालवडीवरून पांढरं उतरलं, सिद्ध. दुसरीवरून उतरलं, सिद्ध. विलीच्या कालवडीवरून इतकं उतरलं की परीक्षकांनी टोपी काढली.

त्रेचाळिसावीवर फडकं तीनदा फिरवलं. तिन्ही वेळा कोरं. परीक्षकांनी इल्सपेथला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण हा डाग मला खरा वाटत नाही."

इल्सपेथ इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. तिला शेवटचा नंबर मिळाला. विलीने पेला उचलला आणि येताना तिच्यासाठी चहा घेऊन आला, कारण पाच वाजून गेले होते.

ही हकिगत ज्यांना अतिशयोक्तीची वाटेल, त्यांनी घरी गेल्यावर आपलं एखादं प्रमाणपत्र, लग्नासाठी पाठवलेला एखादा फोटो, साहेबांना दिलेला एखादा अहवाल घ्यावा आणि त्यावरून एकदा ओलं फडकं फिरवून पाहावं. काही उतरलं तर घाबरण्याचं कारण नाही, सगळं नियमात आहे. फडकं कोरं निघालं, तर मात्र जपून राहा.